चादरीखालची सुप्रा: एका पैजेचं प्रकरण

हे प्रकरण ज्या वहीवरून लिहितोय, ती माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानातली उधारीची वही आहे. पुढून उघडली तर क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बेअरिंग आणि कोणाकडे किती राहिले त्याचा हिशेब. मागून उलटी धरली की पहिल्याच पानावर 22 जुलै 2018 ही तारीख, त्याखाली सात ओळी, पाच रकाने आणि पाच सह्या. एक सही ऑइलच्या अंगठ्याखाली निम्मी गेलेली. टोयोटाची नवी सुप्रा कशी असेल, हे आम्ही सोलापुरातल्या पाच जणांनी त्या पानावर लिहून ठेवलं होतं. गाडी जपानी कंपनीची, तिची जोडीदार जर्मन, पडदा उघडणार अमेरिकेत. आमच्यापैकी कोणी ती घेणार नव्हतं. टोयोटाने ती भारतात अधिकृतपणे विकलीच नाही, आणि विकली असती तरी आमच्या गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट टेकलं असतं.

पण वाद घालायला गाडी दारात असावी लागते असं थोडंच आहे? पैज लागली मटणाची. ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतील त्याने बाकी चौघांना मटण आणि कडक भाकरी घालायची. पाच महिने, तेवीस दिवसांनी निकाल लागला. मग सव्वातीन वर्षांनी तोच निकाल पुन्हा उकरला गेला. वही माझी, म्हणून परीक्षकही मीच. दोन्ही वेळचं सांगतो.

कोण होते हे पाच

दुकान जुन्या पुणे नाक्याच्या बाजूला. शेजारी मेस्त्रींचं गॅरेज. टेम्पो, ट्रॅक्टर, डिझेलचं काहीही असो, नुसत्या आवाजावरून कोणत्या सिलिंडरची रिंग गेलीय ते सांगणारा माणूस. दुसरा माझा भाचा, तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मोबाइलवरच्या रेसिंग गेममध्ये जुनी सुप्रा चालवून चालवून तिच्यावर जीव जडलेला. तिसरा माझा शाळूसोबती. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनला आहे, दोन-तीन आठवड्यांनी रविवार धरून घरी येतो. त्याला आम्ही चाकणवाला म्हणतो. चौथे अण्णा, कन्ना चौकातले. चादरीच्या मागावरच्या जकार्डची कार्डं पंच करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना गाड्यांचं काडीचं वेड नाही. त्यांची जुनी लुना मेस्त्रींकडे कायम दुरुस्तीला असायची, म्हणून ते कायम तिथे असायचे. पाचवा मी.

त्या दिवशी आषाढी एकादशीची पूर्वसंध्या होती. चालणारी वाहनं सगळी पंढरपूरच्या वाटेला लागलेली, बंद पडणारीही तिकडेच बंद पडत होती. गॅरेज रिकामं. आठवडाभरापूर्वी इंग्लंडात गुडवुडच्या गाड्यांच्या जत्रेत, आकार कळू नये म्हणून रंगीबेरंगी वेटोळ्यांत गुंडाळलेली नवी सुप्रा टेकडी चढून गेली होती, आणि तिचे फोटो भाच्याच्या मोबाइलवर होते.

तोवर काय काय ठाऊक होतं

थोडं मागचं सांगितल्याशिवाय अंदाजांची गंमत कळणार नाही. सुप्रा हे नाव 1978 पासूनचं, आधी सेलिका सुप्रा म्हणून, 1986 पासून स्वतंत्र. चौथी पिढी, म्हणजे ए-80, 1993 साली आली आणि 2002 साली बंद झाली. पोरांच्या भिंतीवर चिकटलेली ती हीच. तिचं 2जेझेड-जीटीई हे तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं, दोन टर्बोचं इंजिन. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ब्लॉक बिडाचा. कंपनीने दिलेल्या ताकदीच्या कितीतरी पट त्यातून काढणारे लोक जगभर पडलेत.

मग बारा वर्षं काही नाही. जानेवारी 2014 मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात एफटी-1 नावाची संकल्पना गाडी दिसली. लांब नाक, चोचीसारखं तोंड. लोक म्हणाले, हीच सुप्रा. पण त्याच्याही वर्षभर आधी, जानेवारी 2013 मध्ये, टोयोटा आणि बीएमडब्ल्यूने करार जाहीर केला होता. त्यात चार विषय होते: फ्युएल सेल, हलकी बॉडी, लिथियम-एअर बॅटरी आणि एका स्पोर्ट्स गाडीचा अभ्यास. चाकणवाल्याच्या मते सगळं उत्तर या कोरड्या करारात होतं. भाच्याच्या मते करार वकिलांसाठी असतात.

मार्च 2018 मध्ये जिनिव्हाला मोठ्या पंखाची रेसिंग संकल्पना दाखवली, आणि जुलैत गुडवुड. हाताशी होतं ते एवढंच. त्यावर सात प्रश्न ठरले: इंजिन कुणाचं, ताकद किती, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, मागे सीट आहे का, दिसायला एफटी-1 च्या किती जवळ, बॉडीवरची हवेची भोकं खरी का, आणि अमेरिकेतली किंमत.

इंजिनावर मेस्त्री पेटले. "सुप्रा म्हणजे सहा सिलिंडर एका ओळीत. आणि इंजिन टोयोटाचंच. दुसऱ्याचं काळीज घालून पोरगं आपलं म्हणायचं होय?" चाकणवाल्याने शांतपणे विचारलं, टोयोटाकडे आज ओळीतल्या सहाचं असं पेट्रोल इंजिन आहे का? नव्हतं. केव्हाच थांबवलं होतं. एका कमी खपाच्या गाडीसाठी नवं इंजिन काढायचं, त्याच्या प्रदूषणाच्या चाचण्या देशोदेशी पास करायच्या, हे कोणाला परवडणार? बीएमडब्ल्यूकडे मात्र बी-58 तयार होतं. तीन लिटर, सहा सिलिंडर, एका ओळीत.

मला तेव्हाच दिसायला हवं होतं ते नंतर वही वाचताना दिसलं. मेस्त्रींच्या दोन्ही अटी एकमेकींना खात होत्या. ओळीतले सहा हवेत तर इंजिन बीएमडब्ल्यूचं. टोयोटाचंच हवं तर ओळीतले सहा विसरा. त्यांनी वहीत लिहिलं: "टोयोटाचं, सहा, ट्विन टर्बो." आणि सही केली, ऑइलच्या हाताने.

पट्टी भाच्याची, उत्तर चाकणवाल्याचं

भाच्याने त्या दिवशी एक काम असं केलं की मी आजही त्याचं कौतुक करतो. अगदी बाजूने, लांबून काढलेला एक फोटो त्याने निवडला. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक मोठं दिसतं, मागचं आखडतं, लांबून मोठ्या लेन्सने काढलेल्यात हा दोष कमी असतो. एवढं त्याला कळत होतं. झेरॉक्सवाल्याकडून तो ए-3 कागदावर छापून आणला, आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पसरून शाळेच्या पट्टीने मापं घेतली. टायरचा व्यास 62 मिलिमीटर. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत 235.

आता खरा टायर किती मोठा? चाकणवाला म्हणाला, या वर्गातल्या गाडीला 19 इंची रिम आणि पुढे 255/35 चा टायर धरायला हरकत नाही. रिम 482.6 मिलिमीटर. टायरची भिंत 255 मिलिमीटर रुंदीच्या 35 टक्के, म्हणजे 89 आणि थोडं, वर एक आणि खाली एक. बेरीज साधारण 660. म्हणजे 235 भागिले 62 गुणिले 660. उत्तर आलं 2502 मिलिमीटर. टायर मोजताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर उत्तर 40 ने हलतं, म्हणून चाकणवाल्याने बाजूला लिहिलं: 2460 ते 2540.

मग त्याने दोन आकडे सांगितले. जुन्या ए-80 सुप्राचा व्हीलबेस, म्हणजे हेच दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, 2550. टोयोटाच्याच 86 या छोट्या स्पोर्ट्स गाडीचा 2570. म्हणजे आमच्या मापाचं वरचं टोक धरलं तरी नवी सुप्रा दोघींपेक्षा आखूड. 86 मध्ये चार सिलिंडरचं, आडवं पसरलेलं, लांबीला कमी इंजिन आहे, आणि तरी तिच्या मागच्या सीटवर दप्तर ठेवावं एवढीच जागा. सुप्रात तर सहा सिलिंडर रांगेने उभे. "मग मागची सीट कुठे बसवणार? टपावर?"

भाचा बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग त्याने त्याच्या रकान्यात लिहिलं: "2+2." म्हणजे पुढे दोन सीट, मागे दोन.

"अरे तूच मोजलंस ना बे?" मी म्हटलं.

"काय सांगलालाव मामा! आजवरच्या प्रत्येक सुप्राला मागं सीट होती. मोजण्यात काहीतरी चुकलं असणार."

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हीच ओळ खटकते. तो आळशी नव्हता. पुरावा गोळा करायला आमच्यात तोच सगळ्यात मेहनती. पट्टी त्याने धरली, भागाकार त्याने केला, आणि उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून पट्टीलाच खोटं ठरवलं. त्याच्या रकान्यातले बाकीचे आकडेही तसेच. ताकद 420 घोडे, कारण जिनिव्हातल्या गाडीचा पंख मोठा होता. दिसायला हुबेहूब एफटी-1. गिअर हाताचे, कारण "ऑटोमॅटिक सुप्रा काकूंसाठी."

माझाही रकाना काही फार शहाणपणाचा नाही. मी प्रत्येक ठिकाणी मधलं धरलं. चाकणवाल्याने ताकद 340 लिहिली, कारण बी-58 बीएमडब्ल्यूच्या इतर गाड्यांत साधारण तेवढीच देत होतं. भाच्याने 420. मी 380. याला विचार म्हणत नाहीत, भाजी घेताना करतात तसली घासाघीस म्हणतात. किंमत मी 62 हजार डॉलर लिहिली, बीएमडब्ल्यू म्हटलं की महाग, एवढ्याच आधारावर.

अण्णांनी चादर मागितली

अण्णा तासभर गप्प होते. लुनाची केबल बदलून झाली होती, तरी बसले होते. भाच्याने मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि गमतीने विचारलं, "अण्णा, ही नक्षी कुठल्या मागावरची?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल नाकाजवळ नेला. मग म्हणाले, "चादर आहे का एखादी?"

गॅरेजमध्ये खाटेवर मेस्त्रींची चादर होती. अस्सल सोलापुरी, चौकड्याची, कडेला नक्षीची पट्टी. अण्णांनी ती उचलली, झटकली, आणि समोर उभ्या असलेल्या मोटरसायकलवर टाकली. टाकीवरून खाली ओढून दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आता बघा. टाकी दिसत नाही. पण कळते का नाही?"

कळत होती. टाकीच्या फुगवट्यावर चौकडे ताणून मोठे झाले होते, आणि टाकी जिथे सीटला भेटते त्या खळग्यात त्यांच्या रेघा वाकून एकमेकींच्या जवळ आल्या होत्या. अण्णांनी बोट फिरवत दाखवलं. जकार्डसाठी नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोनाचौकोनाने भरतात, मग एकेका ओळीचं एकेक कार्ड पंच होतं. भोक असेल तिथे दोरा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. चाळीस वर्षं सरळ रेघा आणि चौकोन बघितलेल्या माणसाला रेघ कुठे हलली ते लगेच दिसतं.

"आमची चादर टाकली असती तर गाडी उघडी पडली असती," अण्णा म्हणाले. "म्हणून त्यांनी सरळ रेघ ठेवलीच नाही. सगळी वेटोळी. वेटोळं वाकलं तरी वेटोळंच दिसतं."

चाकणवाला ताडकन उठला. बाहेर चाचणीला जाणाऱ्या गाडीवर चिकटवायची फिल्म अशीच का छापतात, ते त्याला कामावर एकाने सांगितलं होतं, पण एवढ्या सोप्या शब्दांत नाही. छोटे-मोठे गडद-फिकट आकार, कुठेही सलग रेघ नाही, म्हणजे डोळ्याला वळणाचा अंदाज येत नाही आणि कॅमेऱ्यालाही फसायला होतं. शिवाय काही ठिकाणी फिल्मखाली फोम किंवा खोटा पत्रा घालून आकारच बदलतात.

"मग यात बघायचं काय?" मेस्त्री.

"नक्षी बघायचीच नाही. कडा बघायची." अण्णांनी समोरून काढलेला फोटो पुढे घेतला आणि टपावर अंगठा ठेवला. आकाशाच्या पांढऱ्यावर टपाची रेघ सरळ नव्हती. मध्ये खोलगट, दोन्ही बाजूंना उंचवटा. "वेटोळी अंगावर काढता येतात, आभाळावर काढता येत नाहीत." चालकाच्या आणि शेजारच्याच्या डोक्यावर एकेक फुगवटा, त्याला डबल-बबल छप्पर म्हणतात. टोयोटाच्या 1960 च्या दशकातल्या 2000 जीटीला ते होतं. मागच्या चाकांवरचा पत्राही असाच कडेवरून वाचता येत होता: चाकावर एकदम फुगून येणारा, एफटी-1 पेक्षा जास्त गुबगुबीत. अण्णा म्हणाले, लांब नाही ही, बसकी आणि फुगीर आहे. ते त्यांनी पाचव्या ओळीत लिहायला लावलं.

आता भोकांची ओळ. दाराच्या मागच्या बाजूला, बॉनेटवर, पुढे-मागे बंपरच्या कोपऱ्यांत हवा जाण्यायेण्याच्या खाचा दिसत होत्या. मेस्त्रींचं ठाम मत: खऱ्या. गरम इंजिन आहे, गरम ब्रेक आहेत, हवा कुठून तरी जायलाच हवी. अण्णांनी उन्हातला एक फोटो मोठा केला. खाचेच्या आत सावली होती, पण काळीकुट्ट नव्हती. आतली भिंत दिसत होती.

"खिडकीत भिंत दिसली तर ती खिडकी नाही, कोनाडा."

मेस्त्री हसले. "अण्णा, ही गाडी आहे, वाडा नाही." पण अण्णांच्या रकान्यात "बऱ्याच खोट्या" असंच लिहिलं गेलं. इंजिन, गिअर, ताकद, किंमत, या ओळी त्यांनी कोऱ्या सोडल्या. मला कळत नाही ते मी का लिहू, असं म्हणून लुनाला किक मारून निघून गेले. नियमाप्रमाणे कोरी ओळ ना चूक, ना बरोबर.

भोगीची रात्र

14 जानेवारी 2019, भोगी. शहरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी, होम मैदानाकडचे सगळे रस्ते माणसांनी भरलेले, नंदीध्वजांमागे पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. डेट्रॉइटला तेव्हा दिवस होता, आपल्याकडे दिवेलागण केव्हाच होऊन गेली होती. आम्ही दुकानाचं शटर निम्मं ओढून बसलो होतो. अण्णा यात्रेतून बाराबंदीतच आले. भाच्याच्या मोबाइलला गर्दीमुळे रेंज नाही, म्हणून शेवटी चाकणवाल्याच्या मोबाइलवर बघितलं. काही फोटो आधीच फुटले होते, पण भाच्याने ते "कॉम्प्युटरवर केलेले" म्हणून नाकारले होते.

पडदा गेला. लाल गाडी.

इंजिन बीएमडब्ल्यूचं बी-58. अमेरिकेत 335 घोडे, युरोपच्या हिशेबात 340. आठ गिअरचं ऑटोमॅटिक, तेवढंच. दोन सीट. व्हीलबेस 2470. छप्पर डबल-बबल. अमेरिकेत किंमत 49,990 डॉलरपासून. गाडी बांधली जाणार ऑस्ट्रियातल्या ग्राझला, बीएमडब्ल्यू झेड-4 च्याच शेजारी.

2470! आमच्या 2460 ते 2540 मध्ये बसलं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवरची शाळेची पट्टी खरी ठरली. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी व्हीलबेस आणि दोन चाकांमधली रुंदी यांचं 1.55 हे प्रमाण आधी ठरवलं होतं, वळणावर गाडी चपळ राहावी म्हणून. मागची सीट त्या प्रमाणातच गेली. भाचा एक शब्द बोलला नाही.

मेस्त्रींनी मात्र झुंज दिली. टर्बोपुढे "ट्विन-स्क्रोल" असं लिहिलेलं त्यांनी पकडलं. "ट्विन आहे का नाही? माझी ओळ बरोबर." चाकणवाल्याने चहाच्या ग्लासात दोन स्ट्रॉ घालून समजावलं: टर्बो एकच, पण त्यात धूर नेणाऱ्या वाटा दोन. सहा सिलिंडरपैकी तिघांचा धूर एका वाटेने, तिघांचा दुसरीने, म्हणजे एकाच्या दाबाने दुसऱ्याची अडवणूक होत नाही आणि पंखा लवकर वेग घेतो. मेस्त्रींनी समजून घेतलं, पटलंही, पण "नावात ट्विन आहे" हे सोडलं नाही. मी चूक दिली. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे म्हटल्यावर तर त्यांनी गाडीच नाकारली. "लई बघितलेत असले ब्लॉक. एकदा तापू दे."

भोकांचा निकाल लागायला थोडे दिवस गेले, जवळून काढलेले फोटो येईपर्यंत. बॉनेटवरच्या, दारावरच्या, मागच्या, बऱ्याचशा खाचा प्लास्टिकने बंद. पुढच्या काही खऱ्या. टोयोटाचं म्हणणं होतं की शर्यतीसाठी कोणाला हव्या असतील तर उघडता येतील. म्हणजे कोनाडेच, पाडायची सोय असलेले. मेस्त्रींनी दुसऱ्या दिवशी अण्णांच्या लुनाची सर्व्हिसिंग फुकट केली.

हिशेब: चाकणवाल्याचे सातपैकी पाच बरोबर. अण्णांच्या लिहिलेल्या तीनही ओळी बरोबर, त्यात मागच्या सीटची एक, जी त्यांनी "फुगीर आहे म्हणजे आखूड आहे, आखूड आहे म्हणजे दोघंच" अशी जोडली होती. माझे दोन. मेस्त्रींचा एक, तोही ऑटोमॅटिकचा, कारण टेम्पोवाल्यांचे क्लच बदलून बदलून ते कंटाळले होते. भाच्याचं शून्य.

यात्रेत मटण नको म्हणून किंक्रांत उलटून गेल्यावर भाच्याने मटण घातलं. आईकडून पैसे घेऊन, म्हणजे खरं तर माझ्या बहिणीने घातलं. त्याच आठवड्यात, 19 जानेवारीला, अमेरिकेत पहिल्या नव्या सुप्राचा धर्मादाय लिलाव 21 लाख डॉलरला झाला. तेव्हाच्या भावाने जवळजवळ 15 कोटी रुपये. भाकरी मोडता मोडता भाचा म्हणाला, त्या माणसाला तरी कोणी सांगितलं नाही का की हिला मागं सीट नाही?

निकाल पुन्हा उकरला

इथे प्रकरण संपलं असतं, पण टोयोटा गप्प बसली नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी 2021 च्या गाडीची ताकद वाढवल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत 382 घोडे. माझ्या रकान्यात 380 होते. मी वही उघडून बघितली, परत मिटली, आणि कोणाला काही बोललो नाही. परीक्षकाने स्वतःलाच गुण द्यायचे म्हणजे शोभत नाही. शिवाय तो अंदाज कसा आला होता ते मला माहीत होतं: 340 आणि 420 च्या मध्ये बोट ठेवून.

पण एप्रिल 2022 मध्ये सहा गिअरच्या हाताच्या गिअरबॉक्सची सुप्रा जाहीर झाली. हाताशी असलेल्या भागांतून, गिअरबॉक्सचं घर, शाफ्ट आणि गिअरसंच जुळवून, टोयोटाने ती मुद्दाम तयार केली, कारण गाडी घेणारे आणि न घेणारे सगळेच ओरडत होते. भाचा तोवर पुण्यात नोकरीला लागला होता. शनिवारी रात्रीच्या गाडीने तो आला, रविवारी सकाळी शटर उघडायच्या आधी दुकानाच्या पायरीवर बसलेला.

"मामा, वही काढा. तिसरी ओळ वाचा."

ओळ अशी होती: "गिअर हाताचे असणार." बस. कधी, ते लिहिलेलं नाही. कोणत्या वर्षीच्या गाडीत, ते नाही. पडदा उघडायच्या दिवशी, असंही नाही. लिहिताना आम्ही सगळे जानेवारी 2019 च धरून चाललो होतो, पण धरून चाललेलं वहीत दिसत नाही. भाच्याचा एक बरोबर झाला तर चाकणवाल्याचा आणि मेस्त्रींचा एकेक कमी. मग मेस्त्रीही शून्यावर, म्हणजे मटण मेस्त्रींनी घालायला हवं होतं, आणि माझ्या बहिणीचे पैसे परत!

दोन रविवार यावर खल झाला. चाकणवाल्याचा मुद्दा बिनतोड होता: भाच्याने हाताचे गिअर लिहिले ते टोयोटा लोकांचं ऐकेल म्हणून नाही, ऑटोमॅटिक काकूंसाठी असतं म्हणून. भाच्याचा मुद्दाही तितकाच बिनतोड: वहीत कारणांना गुण नव्हते. मेस्त्री म्हणाले, नावात ट्विन असून मला गुण दिला नाही, तर याला का? मी अण्णांकडे बघितलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, काळा चष्मा होता. त्यांनी वही मागितली, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, चादरीवर तारीख नसते, म्हणून जुनी पण नवी म्हणून खपते.

मी निकाल बदलला नाही. पण मेस्त्रींनी भाच्याला पाव किलो शेंगाची चटणी पुण्याला न्यायला दिली, "निकाल म्हणून नाही, घरची आहे म्हणून."

2024 च्या अखेरीस टोयोटाने ही पिढीच 2026 मध्ये थांबवत असल्याचं सांगितलं आणि फायनल एडिशन दाखवली. साहजिकच पुढच्या सुप्राची चर्चा त्याच दिवशी सुरू झाली. मी वहीचं दुसरं पान उलटं धरलं आणि या वेळी आठवी ओळ आखली: "कधीपर्यंत". चाकणवाल्याने वर्ष आणि महिना लिहिला. मेस्त्रींनी "माझ्या हयातीत नाही" असं लिहिलं, ते मी खोडायला लावलं. भाच्याने लिहिलं, "माझ्या लग्नाच्या आधी." यावर मेस्त्री म्हणाले, ही तारीख धरायची नाही, मुलगी अजून बघायचीय.